डिस्क गेली, मेल परत आणताय? या चुका टाळा

हार्ड डिस्क गेली की सगळ्यात आधी जीव टांगणीला लागतो तो मेलसाठी. पण मेल हा त्यातला बहुतेक वेळा सोपा भाग असतो. खातं आयमॅपचं असेल, म्हणजे पत्रं सर्व्हरवरच ठेवून मशीनवर नुसती प्रत आणणारं, तर पत्रं सर्व्हरवर जागच्या जागी असतात. नव्या डिस्कवर थंडरबर्ड किंवा आउटलुक असा मेलचा प्रोग्रॅम टाकून लॉगिन केलं की उतरायला लागतात. आपोआप परत येत नाही ते बाकीचं सगळं: वर्षानुवर्षं जमवत आणलेले फिल्टर, सह्या, अ‍ॅड्रेस बुक, 'लोकल फोल्डर्स'मध्ये हलवलेली जुनी पत्रं, साठवलेले पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या. आणि यातलं बरंच काही 'आधी मेल चालू तर करून घेऊ' म्हणत नव्या मशीनवर पहिल्या तासाभरात केलेल्या घाईत जातं.

खालचं बहुतेक थंडरबर्डबद्दल आहे, कारण त्यात सगळा माल एका फोल्डरात, म्हणजे 'प्रोफाइल'मध्ये, उघडा पडलेला असतो आणि म्हणूनच त्यात हात घालून बिघाड करणंही सोपं जातं. आउटलुकचं शेवटाकडे.

बिघडलेल्या डिस्कवरच दुरुस्ती सुरू करणे

डिस्क अधूनमधून दिसते, अधूनमधून गायब होते, फोल्डर उघडायला मिनिटं लागतात. अशा वेळी हात आपसूक विंडोजच्या चेकडिस्ककडे जातो. थांबा. चेकडिस्क किंवा लिनक्सवरचं एफएससीके फाइल सिस्टिम सुसंगत करायला बसतं, तुमच्या फायली वाचवायला नाही; त्यासाठी ते डिस्कवर लिहितं, तुटलेल्या नोंदी छाटतं आणि उरलेले तुकडे निनावी फायली करून बाजूला टाकतं. डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर वीजच बंद करा. मग ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

डिस्क वाचली जात असेल तर आधी तिची पूर्ण प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. याला जीएनयू डीडीरेस्क्यूसारखं साधन नाही. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणारा भाग मागे ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद एका मॅप फाइलमध्ये करत राहतं. मधेच बंद पडलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. फक्त ती मॅप फाइल द्यायला विसरू नका. ती नसली की पुन्हा पहिल्यापासून वाचन, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला दुसरी फेरी झेपेलच असं नाही.

इमेज काढण्याएवढी जागा किंवा वेळ नसेल आणि थेट फायलीच उचलायच्या असतील, तर क्रम लावून उचला. बहुतेक जण सगळ्यात मोठं फोल्डर आधी ओढतात. ते असतं 'आयमॅपमेल', म्हणजे जे सर्व्हरवर बहुधा आहेच. आधी प्रोफाइलमधल्या सुट्या लहान फायली घ्या, मग 'मेल' हे फोल्डर, कारण पॉपची, म्हणजे सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेतलेली, पत्रं आणि लोकल फोल्डर्स त्यात असतात. आयमॅपची प्रत सगळ्यात शेवटी.

एक इशारा विंडोजवाल्यांना. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन, चालू असेल तर ती दुसऱ्या मशीनला जोडल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. डिस्क काढण्यापूर्वी ती हाताशी ठेवा.

जुनं हाती येण्याआधी नवं खातं जोडणे

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. पॉपचं खातं नव्या थंडरबर्डमध्ये 'तात्पुरतं' जोडलं, त्याने सर्व्हरवरची पत्रं उतरवून घेतली आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसल्यामुळे तिथून पुसून टाकली. आता काही पत्रं जुन्या प्रोफाइलमध्ये, काही या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये. दोन दिवसांनी जुनं प्रोफाइल मिळालं की तात्पुरतं डिलीट केलं जातं आणि त्यासोबत ती मधली पत्रंही.

सर्व्हरवर प्रत ठेवणाऱ्यांना वेगळा त्रास होतो. कोणती पत्रं आधीच उतरवली आहेत याची यादी थंडरबर्ड 'पॉपस्टेट' नावाच्या छोट्या डॅट फाइलमध्ये ठेवतं. ती आली नाही तर त्याच्या लेखी सगळीच पत्रं नवी, आणि इनबॉक्समध्ये प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती.

आयमॅपमध्ये उलटा धोका आहे. आयमॅपमध्ये सर्व्हर म्हणेल ते खरं. मधल्या काळात मेलबॉक्स दुसऱ्या सेवेवर हलवला गेला असेल, किंवा कोणी सर्व्हरवर साफसफाई केली असेल, तर तुमच्या जुन्या प्रोफाइलमधली प्रत ही एकमेव प्रत असू शकते. ते प्रोफाइल नेट चालू असताना उघडलं की थंडरबर्ड इमानेइतबारे सर्व्हरशी जुळवून घेतं आणि तिथे नसलेली पत्रं इथूनही काढतं. म्हणून वाचवलेलं प्रोफाइल पहिल्यांदा उघडताना नेट तोडा, हवी ती पत्रं लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करा आणि मगच नेट जोडा. गरज नसतानाही ही सवय असू द्यावी, वेळ फारसा जात नाही.

मेलची फाइल कोणती हेच न ओळखणे

विंडोजवर प्रोफाइल असतं 'अ‍ॅपडेटा'च्या 'रोमिंग' फोल्डरात, आणि अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं. नुसतं 'डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप' उचलून आणलं तर त्यात मेल नसतो. लिनक्सवर ते होम फोल्डरात टिंबाने सुरू होणाऱ्या, म्हणजे तिथेही लपवलेल्या, फोल्डरात. मॅकवर होममधल्या 'लायब्ररी'त, आणि तीही फाइंडर सहजासहजी दाखवत नाही.

प्रोफाइल सापडल्यावर पुढची गफलत. आत 'इनबॉक्स' नावाच्या दोन फायली दिसतात: एकीला एक्स्टेन्शनच नाही, दुसरीला 'एमएसएफ'. एक्स्टेन्शन असलेली फाइल खरी वाटते, पण ती नुसती सूची आहे. पत्रं आहेत बिनएक्स्टेन्शनच्या फाइलमध्ये, एमबॉक्स स्वरूपात, एकाखाली एक. त्यामुळेच फाइल प्रकाराने गाळणी लावून शोधणारी रिकव्हरी सॉफ्टवेअर तिच्यावरून निघून जातात. उपफोल्डर असतील तर ते 'एसबीडी' अक्षरांनी संपणाऱ्या फोल्डरात असतात. तेही सोबत हवेत.

वाचवलेल्या फाइलचा नुसता आकार बघून खूश होऊ नका. जे सेक्टर वाचता आले नाहीत त्यांच्या जागी शून्यं भरली जातात, म्हणजे २ जीबीची फाइल २ जीबीचीच दिसते आणि आत पोकळ असते. मोठ्या फायली झेपणाऱ्या टेक्स्ट एडिटरमध्ये तिची प्रत उघडा. प्रत्येक पत्राची सुरुवात 'फ्रॉम', मग एक आडवी रेघ आणि तारीख अशा ओळीने झालेली दिसेल. खाली प्रेषक, विषय, मजकूर. अटॅचमेंट असेल तिथे अक्षरं-आकड्यांची लांबलचक भिंत. मधेच एडिटरभर रिकामी किंवा एकाच विचित्र चिन्हाची पानंच्या पानं लागली तर तेवढी पत्रं गेली. पण त्याच्या पुढची 'फ्रॉम'ची ओळ सापडली तर तिथून पुढचा भाग कापून नवी फाइल करता येते आणि थंडरबर्ड ती वाचतं. साध्या मजकुराच्या स्वरूपाचा हा मोठा फायदा.

प्रत नेताना पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. मोठी कॉपी लावून उठून गेलं, परत येऊन सरसकट 'स्किप' दाबलं, की नेमका इनबॉक्स मागे राहतो.

प्रोफाइल चुकीच्या पद्धतीने जोडणे

प्रोफाइल धड असेल तर माझं मत स्पष्ट आहे: अख्खं फोल्डर आणा, निवडानिवड करू नका. ते दुसऱ्या जागी ठेवा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा, मग कमांडमध्ये थंडरबर्डपुढे डॅश आणि कॅपिटल पी लिहून प्रोफाइल मॅनेजर उघडा, नवं प्रोफाइल तयार करा आणि 'चूज फोल्डर' वापरून ते जुनं फोल्डर दाखवा.

हे न करता फायली डिफॉल्ट जागी टाकल्या की हमखास एक गोंधळ होतो. थंडरबर्ड कोणत्या जागी बसवलंय त्यावरून ते प्रोफाइल ठरवतं, त्यामुळे जुनं फोल्डर शेजारीच पडलेलं असूनही ते आपलं नवं कोरं प्रोफाइल उघडतं. लोकांना वाटतं डेटा उडाला. 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मध्ये सध्या कोणतं फोल्डर वापरात आहे ते दिसतं. आधी ते बघा.

'तुम्ही जुनी आवृत्ती वापरताय' अशी तक्रार आली तर थंडरबर्ड अपडेट करा. नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुनीला उघडू दिलं जात नाही. बळजबरीचा पर्याय आहे, पण वाचवलेल्या एकुलत्या प्रतीवर तो वापरू नये.

प्रोफाइल अर्धवटच हाती आलं असेल, तर मात्र नवं प्रोफाइल करून फायली निवडून आणाव्या लागतात, आणि त्याही थंडरबर्ड बंद असताना. अ‍ॅड्रेस बुक 'एबुक' नावाच्या एसक्यूलाइट फाइलमध्ये, आपोआप गोळा झालेले पत्ते 'हिस्टरी'मध्ये, जंक ओळखायचं शिक्षण 'ट्रेनिंग' नावाच्या डॅट फाइलमध्ये, स्वतःचे शब्द 'पर्सडिक्ट'मध्ये. मशीनवरचं कॅलेंडर 'कॅलेंडर-डेटा' फोल्डरात असतं आणि ते हटकून विसरलं जातं. 'ग्लोबल मेसेजेस' नावाची भलीमोठी फाइल शोधासाठीची अनुक्रमणिका आहे. ती सोडून द्या, पुन्हा तयार होते.

फिल्टरची गंमत वेगळी. त्यांची फाइल प्रत्येक खात्याच्या फोल्डरात स्वतंत्र असते आणि 'हे पत्र अमुक फोल्डरात हलव' यातला पत्ता खात्याच्या युजरनेम आणि सर्व्हरच्या नावासकट पूर्ण लिहिलेला असतो. नवीन खातं जोडताना सर्व्हरचं नाव थोडं जरी वेगळं पडलं तरी फिल्टर यादीत दिसतात, पण पत्रं हलत नाहीत. फाइल टेक्स्टचीच आहे, तेव्हा एडिटरमध्ये 'शोधा आणि बदला' करून जुनं नाव बदलायचं.

पासवर्ड आणि किल्ल्या

'लॉगिन्स' ही जेसन फाइल एकटी आणून उपयोग नाही. पासवर्ड उलगडणारी किल्ली 'की४' या डेटाबेस फाइलमध्ये असते. दोन्ही एकाच वेळच्या प्रतीतल्या हव्यात. साठवलेल्या पासवर्डांवर कुलूप म्हणून प्रायमरी पासवर्ड लावला असेल तर तोही जुनाच लागतो.

२०२० साली आलेल्या ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी, म्हणजे पत्रं एन्क्रिप्ट करायची सोय, थंडरबर्डमध्येच आहे आणि खाजगी किल्ल्या प्रोफाइलमध्ये राहतात. त्या गेल्या तर एन्क्रिप्ट केलेली पत्रं सर्व्हरवर सुरक्षित असूनही वाचता येत नाहीत. त्या वापरत असाल तर अर्धवट डिस्कवरून उचलताना 'सेकरिंग' ही फाइल आणि 'एन्क्रिप्टेड-ओपनपीजीपी-पासफ्रेज' ही टेक्स्ट फाइल 'की४'सोबत पहिल्या घासाला घ्या.

जुना बॅकअप लावल्यावर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं, तेव्हा पासवर्ड बदलत बसू नका. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डने मेल उघडणं ३० मे २०२२ पासून बंद केलं. सर्व्हर सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशन 'ओऑथ२' (गूगलच्या लॉगिन पानावरून परवानगी देण्याची पद्धत) करा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरसाठी. जाणारा बहुतेकांचा राहून जातो; मग मेल येतो, पण जात नाही.

'रिपेअर' आणि 'कॉम्पॅक्ट' दाबणे

यादीत एक विषय आणि उघडल्यावर भलतंच पत्र, हे सूची फाइल जुनी असल्याचं लक्षण. थंडरबर्ड बंद करून त्या फोल्डरची एमएसएफ फाइल काढून टाका. ती नव्याने बनते. पॉप किंवा लोकल फोल्डरवर 'रिपेअर फोल्डर'ही चालतं. आयमॅप फोल्डरवर मात्र तेच बटण स्थानिक प्रत टाकून सर्व्हरवरून सगळं पुन्हा उतरवतं. सर्व्हरवर नसेल ते मग कुठेच नसतं.

'कॉम्पॅक्ट' तर पूर्ण तपासणी होईपर्यंत आपोआप होणारंही बंद ठेवा. डिलीट केलेली पत्रं एमबॉक्समध्ये नुसती खूण करून ठेवलेली असतात; कॉम्पॅक्ट झालं की ती खरोखर जातात.

आउटलुकमध्ये

ओएसटी आणि पीएसटी या आउटलुकच्या दोन प्रकारच्या मेल फायलींत गल्लत होते. पीएसटी स्वतंत्र आहे, दुसऱ्या मशीनवरच्या आउटलुकमध्येही उघडते. ओएसटी ही सर्व्हरची प्रत, ज्या मशीनवर आणि खात्यावर बनली त्याच्याशी बांधलेली. दुसरीकडे नेऊन थेट उघडत नाही. म्हणून दोन्ही सापडल्या तर आधी पीएसटी वाचवा. ती मोडकी असेल तर 'स्कॅनपीएसटी' हे आउटलुकचं दुरुस्तीचं साधन तिच्या प्रतीवर चालवा, कारण दुरुस्त न होणारी पत्रं ते टाकून देतं.

सह्या पीएसटीत नसतात. त्या रोमिंगमधल्या 'मायक्रोसॉफ्ट'च्या 'सिग्नेचर्स' फोल्डरात. पत्ता टाइप करताना सुचणारी नावं पाहिजे असतील तर 'लोकल'मधल्या आउटलुकच्या 'रोमकॅश' फोल्डरातली 'स्ट्रीम ऑटोकम्प्लीट' फाइल बघा.

जुनी डिस्क किंवा तिची इमेज पुसण्याआधी लोकल फोल्डर्समधल्या सगळ्यात जुन्या वर्षाची दोन-तीन पत्रं अटॅचमेंटसकट उघडून बघा, एखादा फिल्टर हाताने चालवा, मागच्या वर्षीच्या एखाद्या महिन्याचं कॅलेंडर उघडा आणि स्वतःलाच एक मेल पाठवून खाली सही लागते का ते तपासा.