तळघरातला एसटीपी जागा कसा करावा: सांडपाणी फ्लशला वापरण्याची कृती

मार्च लागला की पुण्याच्या कडेकडेच्या सोसायट्यांना टँकरच्या रिव्हर्स हॉर्ननेच जाग येते. आमचीही त्यातलीच. ज्या गेटमधून टँकर आत यायचा, त्याच गेटशेजारच्या चेंबरमधून जवळपास तेवढंच पाणी रोज बाहेर जायचं. तळघरात बिल्डरने बांधलेला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट होता. दाराला कुलूप, कुलपाला गंज.

असा एसटीपी बऱ्याच मोठ्या सोसायट्यांत असतो. 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण परवानगी लागते, आणि तिच्या अटींत तो येतोच. म्हणजे त्याचे पैसे आपण फ्लॅट घेतानाच भरलेले आहेत.

आधी हिशोब करा, कारण सभेत तोच कामाला येतो. माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात; त्यातले 45 लिटर फ्लशचे. 100 फ्लॅट, घरटी चारजण, म्हणजे रोजचे 18,000 लिटर नुसते फ्लशला. 10,000 लिटरचे जवळजवळ दोन टँकर आपण विकत घेऊन कमोडमध्ये ओततो.

काय शिल्लक आहे ते बघा

एसटीपीच्या माहितगार माणसाला घेऊन पाण्याच्या वाटेने चाला: कचरा अडवणारी जाळी, पाणी साठवणारी टाकी, हवेची टाकी, गाळ बसण्याची टाकी, मग वाळूचा आणि कोळशाचा फिल्टर. ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) फिरतो का, हवेच्या टाकीत बुडबुडे सगळीकडे सारखे येतात का, फिल्टरमधली वाळू शेवटची कधी बदलली, हे लिहून घ्या.

इथे एकच गोष्ट दटावून सांगतो. टाकीत कुणालाही उतरवू नका, 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणाला तरी. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड वायू असतो, त्यात माणूस क्षणात कोसळतो. माणसाकरवी अशी सफाई करून घेणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. सफाईला सक्शनची गाडीच बोलवा.

जिवाणूंना घर द्या

पाणी स्वच्छ करतात ते जिवाणू, मशीन फक्त त्यांना हवा पुरवतं. नीट चाललेल्या दुसऱ्या एखाद्या एसटीपीतून हवेच्या टाकीतला गाळ टँकरभर आणून ओता, म्हणजे विरजण लागतं. शेण आणि गूळ घालणारे ऑपरेटरही भेटतील. त्याने सुरुवात होते, पण आयतं विरजण जास्त भरवशाचं. पाणी सुधारायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर ते पाणी वापरू नका.

आमचा पहिला प्रयत्न फसला तो विजेच्या बिलामुळे. बिल कमी व्हावं म्हणून कुणीतरी रात्री ब्लोअर बंद करून ठेवायचं. सकाळी टाकी काळी आणि अख्ख्या पार्किंगमध्ये सडक्या अंड्यांचा वास. हवा तासन्‌तास बंद राहिली की जिवाणू मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं. दुसरा शत्रू घराघरांत असतो: बाटलीच्या बाटली ओतलेलं अ‍ॅसिड आणि फिनाइल. वेट वाइप्स आणि पॅड कमोडमध्ये टाकू नयेत हे तर लिफ्टमध्येच लावा.

रोज सकाळी बरणी भरा

प्रयोगशाळेचा अहवाल हवाच, पण बीओडीच्या, म्हणजे पाण्यात जिवाणूंना खाण्याजोगी घाण किती उरली ते सांगणाऱ्या चाचणीत नमुना 27 अंशांना 3 दिवस ठेवावा लागतो. रोजच्या कामाला एक लिटरची, खुणा असलेली पारदर्शक बरणी पुरते. हवेच्या टाकीतलं पाणी तिच्यात भरा आणि अर्धा तास हलवू नका. गाळ चॉकलेटी रंगाचा हवा, पावसानंतरच्या मातीसारखा वास हवा, आणि तळाशी साधारण पाव ते एक तृतीयांश बरणी गाळ बसून वर निवळ पाणी दिसायला हवं. गाळ बसतच नसेल किंवा अर्ध्याच्या वर राहत असेल तर ऑपरेटरला गाळ काढायला सांगा. काळा असेल तर हवा कमी पडते आहे. तुमच्या टाकीत प्लॅस्टिकची छोटी चाकं फिरत असतील तर ही चाचणी तितकीशी लागू पडत नाही. तिथे चाकांवर तपकिरी, बुळबुळीत थर धरला आहे का ते बघा.

फिल्टरनंतरचं पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि मागे वर्तमानपत्र धरा. बारीक अक्षरं वाचता यायला हवीत. मग जंतू मारायला हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) घालून अर्धा तास थांबा. पोहण्याच्या तलावावर क्लोरीन तपासायला वापरतात ती थेंबांची बाटली आणा आणि थोड्या पाण्यात थेंब टाका. क्लोरीन उरलं असेल तर पाणी पिवळसर होतं.

नळ तपासल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नका

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि नेमकी हीच गाळली जाते. फ्लशची लाइन वेगळी असेल तर एका विंगमधल्या गच्चीवरच्या चांगल्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइन रिकामी होऊ द्या. मग घरोघर जाऊन प्रत्येक नळ उघडा. फ्लश भरला पाहिजे, बाकी कुठेही थेंब येता कामा नये. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर एका घरातला जेट (कमोडशेजारचा धुण्याचा फवारा) सुरू राहिला. बाथरूम नव्याने करताना प्लंबरने जवळची लाइन पकडून जेट फ्लशवर जोडला होता. ज्या पाण्याचा हाताशी संबंध येतो, ते नेहमी चांगल्या पाण्याच्या लाइनचंच हवं. अशी जोडणी सापडली की आधी ती तोडा, मगच पुढे.

फ्लशच्या टाकीत कधी चांगलं पाणी सोडावं लागलं तर त्या पाइपचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर वीतभर ठेवा. बुडलेल्या पाइपमधून पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. फ्लशच्या पाइपला वेगळा रंग द्या, बागेतल्या नळावर 'पिण्यासाठी नाही' असं मराठी-हिंदीत लिहा आणि चित्रही काढा. मुलं वाचत नाहीत.

सुरुवात एका विंगपासून

पहिला महिना फक्त बागेला द्या, तेही ठिबकने. फवाऱ्याचे तुषार श्वासात जातात. कोथिंबीर, पालक असं कच्चं खाल्लं जाणारं काही त्या पाण्यावर घेऊ नका. मग एका विंगचा फ्लश जोडा, शक्यतो कमिटीवाले राहतात तीच विंग. 'घाण पाणी घरात आणताय' असं कुणी म्हणालंच, तर नागपूरचं उदाहरण द्या. तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत चालतं. पण खरं सांगायचं तर आमच्याकडे उदाहरणापेक्षा ग्लास जास्त चालला. सभेच्या टेबलावर टँकरचं पाणी आणि एसटीपीचं पाणी शेजारी ठेवलं. टँकरचं जास्त गढूळ निघालं.

दिवाळीत अर्धी सोसायटी गावी जाते तेव्हा जिवाणूंना खायला कमी पडतं. ऑपरेटरशी बोलून त्या आठवड्यापुरता ब्लोअर टायमरवर टाका, पूर्ण बंद मात्र करू नका. भाऊबीजेनंतर दोन दिवस बरणी सकाळ-संध्याकाळ भरा.