लाइन इंटेन्सिटी मॅपिंगवर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतली एमएस्सीची बरीच मुलं हल्ली हा विषय प्रोजेक्टला घेतात, रविवारी कोपरखैरण्याला माझ्याकडे लॅपटॉप घेऊन येतात आणि गाडी साधारण त्याच त्याच ठिकाणी अडते, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी बेसिक. रात्री पारसिक हिलवरून खाली बघितलं तर एकेक दिवा मोजता येत नाही, पण वस्ती कुठं दाट आहे आणि खाडी कुठं सुरू होते ते उजेडावरून कळतंच ना, तसंच इथं एकेक गॅलक्सी सुटी न पकडता हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची किंवा कार्बन मोनॉक्साइडची लाइन (म्हणजे त्या अणू-रेणूची ठरलेली फ्रीक्वेन्सी) घेऊन तिचा एकूण उजेड मोजायचा, आणि फ्रीक्वेन्सीवरून अंतर काढायचं. त्यामुळे मॅपमधल्या ब्राइट पिक्सेलना गॅलक्सी समजून त्यांची यादी करत बसू नका. माहिती पॉवर स्पेक्ट्रममध्ये आहे, म्हणजे कुठल्या स्केलवर उजेड किती कमीजास्त होतो त्यात. आणि गच्चीवर हॉर्न अँटेना लावून २१ सेंटिमीटरची लाइन दिसली तर मस्तच, जरूर करा, पण ते आपल्याच आकाशगंगेतलं हायड्रोजन असतं, कॉस्मॉलॉजी नाही. लांबचा सिग्नल रेडशिफ्टमुळे (विश्व पसरल्यानं लहर ताणली जाते, आकडा जितका मोठा तितकं लांब) खालच्या फ्रीक्वेन्सीला सरकतो, रेडशिफ्ट १२ ते १५ चा तर थेट आपल्या एफएम बँडमध्येच येतो, तो ठाण्यात बसून कसा मिळणार!

आता सगळ्यात मोठी चूक, जिच्यावर मी सगळ्यांशी भांडते. १५० मेगाहर्ट्झला आकाशाचं तापमान (रेडिओत उजेड असाच मोजतात) काहीशे केल्विन आणि आपला सिग्नल जेमतेम काही मिलिकेल्विन, मग मुलं काय करतात, पीसीए (डेटातले सगळ्यात ठळक पॅटर्न शोधायची पद्धत) लावून फोरग्राउंडचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या मधल्या उजेडाचे, मोड्स (पॅटर्न) काढून टाकतात, पाच काढले, दहा काढले, मॅप स्वच्छ दिसला की खूश. अरे पण त्या मोड्सबरोबर सिग्नलही गेला त्याचं काय? खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचंच उदाहरण घ्या. २०११ मध्ये तिथल्या डेटावरून २१ सेंटिमीटरच्या सिग्नलवर (७० मिलिकेल्विन)² ची वरची मर्यादा छापली गेली, आणि २०१३ मध्ये त्याच टीमनं सिम्युलेशन घालून सिग्नल किती गळतो ते मोजलं तेव्हा ती (२४८ मिलिकेल्विन)² झाली. स्वतःचा आकडा स्वतःच ढिला करून छापला, मला याचा फार आदर वाटतो.

तर मॉक, म्हणजे स्वतः बनवलेला खोटा सिग्नल टाकून बघायचाच, पण तो कुठं टाकता तेही बघा. परवा एका मुलीच्या कोडमध्ये मोड्स खऱ्या डेटावरून आधीच काढलेले होते आणि नंतर तेच मोड्स नुसत्या मॉकमधून वजा केले होते, साहजिकच लॉस (सिग्नलची गळती) खऱ्यापेक्षा कमी दिसला. मॉक डेटात आधी मिसळा, मोड्स त्या बेरजेवरून परत काढा, मग बघा काय उरतं. मोड्स डेटातूनच येतात, म्हणजे सिग्नल त्यांना स्वतःकडे थोडा वळवतो, लॉसचा हा भाग नुसत्या मॉकमध्ये दिसतच नाही. आणि हा लॉस सगळ्या स्केलवर सारखा नसतो, नजरेच्या दिशेनं मोठ्या स्केलवर सगळ्यात जास्त, म्हणून एकच करेक्शन फॅक्टर लावून मोकळं होऊ नका.

दुसरं, लाइनची ओळख. २७१ गिगाहर्ट्झला आयनाइज्ड कार्बनची लाइन आली तर रेडशिफ्ट ६, पण त्याच फ्रीक्वेन्सीला कार्बन मोनॉक्साइडची ४-३ लाइन (रेणू ऊर्जापातळी ४ वरून ३ वर येतो ती) रेडशिफ्ट ०.७ वरून येते, ५-४ साधारण १.१ वरून, आणि जवळच्या असल्यानं या बऱ्याचदा जास्त जोरात असतात. सिम्युलेशनमध्ये यांना न घेता 'सिग्नल मिळाला' म्हणण्यात अर्थ नाही. चुकीच्या लाइनला रेडशिफ्ट ६ ची मानलं की आकाशातलं आडवं आणि नजरेच्या दिशेचं अंतर वेगवेगळ्या प्रमाणात ताणलं जातं, ही खूण शोधायची.

बीमचं (दुर्बीण एका वेळी आकाशाचा जेवढा तुकडा बघते तो) थोडक्यात: तो फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलतो, त्यामुळे गुळगुळीत फोरग्राउंडलाही खाचाखोचा पडतात. सगळे चॅनेल एका रिझोल्यूशनवर आणल्याशिवाय सफाईला हात लावू नका.

गॅलक्सी सर्व्हेबरोबर क्रॉस-कोरिलेशन (दोन नकाशे किती जुळतात ते बघणं) करताय तर उत्तम, २०१० मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँक रेडिओ दुर्बिणीच्या डेटात रेडशिफ्ट ०.८ च्या आसपासचा हायड्रोजन असाच सापडला होता. फक्त फोरग्राउंड सरासरीतून जातो, एरर बारमधून नाही, तिथं तो पूर्ण वजनानं बसलेला असतो. आणि मोठ्या स्केलवर जे येतं ते बायस (एकूण पदार्थाच्या तुलनेत हायड्रोजन किती दाटतो तो आकडा) आणि सरासरी तापमान यांचा गुणाकार असतो, रिपोर्टमध्ये तो गुणाकारच लिहा, बायस १ धरून 'हायड्रोजन इतका आहे' असं लिहू नका, गाइडनं आग्रह केला तरी.