शहराच्या तटबंदीसाठी निधी मागताय? या चुका टाळा

महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांच्या पोटात जुना कोट आहे. छत्रपती संभाजीनगरचे दरवाजे, सोलापूरचा भुईकोट, अमरावतीचा परकोट, पन्हाळ्याचा तट. कुठे बुरूज ढासळला की पालिकेच्या सभागृहात ‘शासनाकडे निधीची मागणी करावी’ असा ठराव होतो, घाईघाईने प्रस्ताव जातो आणि काही महिन्यांनी त्रुटी काढून परत येतो. पैसा अपुरा आहे हे खरंच. पण भिंत कोणाची आणि तिला नेमकं काय झालंय, या दोन प्रश्नांची उत्तरं प्रस्तावात नसतात, ही मला त्याहून मोठी अडचण वाटते. बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

मालकी न तपासता प्रस्ताव करणं

शनिवारवाडा किंवा सोलापूरचा भुईकोट केंद्रीय संरक्षित आहे. तिथली डागडुजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत येते. महापालिकेने कितीही निधी आणला तरी तिला परस्पर एक दगड बसवता येत नाही. राज्य संरक्षित स्मारक असेल, उदाहरणार्थ मुंबईतला शिवडीचा किल्ला, तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे जावं लागतं. अहिल्यानगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणजे तिथे आणखी एक दार ठोठवावं लागतं. आणि जो तट किंवा दरवाजा कुठल्याच संरक्षित यादीत नाही, तिथे सगळी भिस्त पालिकेवर आणि शहराच्या वारसा यादीवर असते.

म्हणून अंदाजपत्रकाच्या आधी तीन कागद काढा: संरक्षणाची अधिसूचना, नगर भूमापनाचा नकाशा आणि मिळकत पत्रिका. जुन्या पेठांमध्ये घरांच्या मागच्या भिंती थेट तटाला टेकलेल्या असतात. कागदावर कधी तटाचा पायाच एखाद्याच्या मिळकतीत निघतो, तर कधी तटाची नोंदच नसते. हे काम मंजूर झाल्यावर कळलं तर काम तिथेच थांबतं. भूमापन कार्यालयाकडून संयुक्त मोजणी करून घ्यायला वेळ लागतो, पण ती टाळू नका.

याच टप्प्यावर अंतरही मोजा. प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. प्रस्तावातलं नवं स्वच्छतागृह, खाऊगल्लीचे गाळे किंवा तिकीटघर नेमकं पहिल्या १०० मीटरमध्ये दाखवलेलं असतं आणि सगळी फाईल त्यापायी अडकते. हे अंतर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून धरतात, मुख्य दरवाज्यापासून नाही, हेही लक्षात असू द्या.

सगळं ‘सौंदर्यीकरणा’त कोंबणं

बुरुजाची दुरुस्ती, खंदकातला गाळ, चौकातले पेव्हर ब्लॉक, कारंजं, रंगीत दिवे, माहितीफलक हे सगळं एकाच अंदाजपत्रकात, तेही अर्ध्या बाबी ठोक रकमेच्या. असा प्रस्ताव कुठल्याच लेखाशीर्षात, म्हणजे सरकारी खर्चाच्या ठरलेल्या खात्यात, बसत नाही. तपासणाऱ्या अधिकाऱ्याची इच्छा असली तरी त्याला तो पुढे सरकवता येत नाही.

कामाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला त्याचं दार शोधा. जिल्हा वार्षिक योजनेत गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांच्या जतनासाठी ३ टक्क्यांपर्यंत निधीची तरतूद ठेवण्याचा निर्णय राज्याने घेतलेला आहे. तटाची मूळ दुरुस्ती तिथे मागता येते. खंदकाचं किंवा किल्ल्यालगतच्या तळ्याचं काम जलस्रोत पुनरुज्जीवनात बसतं. केंद्राच्या अमृत २.० या शहरी योजनेत तो घटक होता, उद्यानं आणि हिरव्या जागाही होत्या. चौक आणि रस्त्यासाठी नगरपरिषदांना ‘वैशिष्ट्यपूर्ण कामे’ या विशेष अनुदानाकडे जाता येतं. फलक, पिण्याचं पाणी, व्हीलचेअरसाठी उतार अशा सोयी केंद्राच्या ‘अ‍ॅडॉप्ट अ हेरिटेज’सारख्या योजनेतून होऊ शकतात. ही योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली, आणि तिचा भर सोयींवर आहे. तिच्याकडे ढासळलेला बुरूज घेऊन जाऊ नका.

योजनेची मुदतही आधी पाहून घ्या. संभाजीनगरातल्या ऐतिहासिक दरवाज्यांची दुरुस्ती स्मार्ट सिटीतून झाली म्हणून आजही ‘आम्हालाही त्याच धर्तीवर’ असे अर्ज लिहिले जातात. ते अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं. वारसा शहरांसाठीची ‘हृदय’ योजना तर २०१९ मध्येच बंद झाली आणि तिच्या १२ शहरांत महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. यादीतलं अमरावती आंध्रातलं.

सिमेंटचं अंदाजपत्रक

या चुकीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण इथे निधी मिळतो आणि भिंतीचं नुकसान होतं. नेहमीच्या दरसूचीत, म्हणजे कामांच्या सरकारी दरांच्या यादीत, सिमेंटच्या बाबी तयार असतात, अभियंता त्या उचलतो. चुन्यात बांधलेल्या काळ्या दगडी भिंतीच्या दरजा (दगडांमधल्या फटी) सिमेंटने भरल्या की पावसाचं पाणी आत शिरतं, पण दरजांतून सुकून बाहेर पडायची वाट बंद होते. मग दगडाच्या तोंडावर पांढरा क्षार फुटतो, आतला चुना भुसभुशीत होतो आणि शेवटी भिंतीचं पोट फुगतं. बाहेरून पाहणाऱ्याला नवं सिमेंट दिसतं आणि भिंत मजबूत वाटते.

चुन्याचं अंदाजपत्रक वेगळं असतं. चुना विझवून मुरवायचा, चुन्याच्या घाण्यात वाळू आणि सुरखीबरोबर (विटांच्या भुकटीबरोबर) मळायचा, ठिकठिकाणच्या रिवाजाप्रमाणे गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालायचं. याला दिवस लागतात, जाणते गवंडी लागतात. दरसूचीत ही बाब नसेल तर दरपृथक्करण (दर कसा काढला त्याचा तपशील) जोडा आणि संवर्धन वास्तुविशारदाचा स्थिती अहवाल द्या: कुठल्या भागात तडा, कुठे पोकळी, कुठे पिंपळाचं मूळ, प्रत्येकाचा फोटो आणि नकाशावर क्रमांक. निविदेत संवर्धनकामाच्या अनुभवाची अट आणि आधी नमुना भिंत करून दाखवण्याची अट घाला. नाहीतर सर्वांत कमी दर भरणारा रस्त्यांचा ठेकेदार येतो, आणि मग त्याला दोष देऊन उपयोग नसतो.

कंपनीकडे नुसतं पत्र घेऊन जाणं

ऐतिहासिक वास्तूंचं जतन कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये आहे, म्हणजे सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) पैसा इथे कायदेशीरपणे येऊ शकतो. पण काम करणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी, आणि ती ट्रस्ट किंवा सोसायटी असेल तर सहसा प्राप्तिकराच्या १२अ आणि ८०जी नोंदण्या सुद्धा. बहुवर्षीय प्रकल्पाला सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून तीनच वर्षं मिळतात, त्यामुळे पुरातत्त्वाची परवानगी हातात नसताना करार करू नका. केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर राष्ट्रीय सांस्कृतिक निधी हा १९९६ पासूनचा मार्ग आहे. तिथे देणगीदार आपलं स्मारक ठरवू शकतो. राज्य संरक्षित स्मारकांसाठी स्मारक देखभालीसाठी दुसऱ्याकडे सोपवण्याची राज्याची संगोपन योजना आहे, नळदुर्ग किल्ला त्याच मार्गाने दिला गेला.

परदेशी निधीचं थोडक्यात: संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर अर्जच करू नका. आणि जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत आले म्हणून पन्हाळ्यासारख्या नगरपरिषदेच्या तिजोरीत आपोआप काही जमा होत नाही. त्या यादीने जबाबदारी वाढते, अर्जाला वजन येतं. पैसा मात्र आपल्याच योजनांतून उभा करावा लागतो.

माणसं विसरणं

दरवाज्याच्या कमानीखाली पिढ्यान्‌पिढ्या भाजी, फुलं, चपला विकणारे बसतात. प्रस्तावात त्यांच्यासाठी ‘अतिक्रमण हटवणे’ एवढीच ओळ असेल तर प्रकरण कोर्टात जाण्याची शक्यता मोठी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत त्यांचं म्हणणं आधी ऐका, पर्यायी जागा नकाशावर दाखवा. शिवाय हीच माणसं रोज तिथे असतात. दगड निसटला, कुणी भिंत पोखरली, तर पहिल्यांदा त्यांनाच दिसतं.

वेळ आणि देखभाल

जिल्हा योजनेचा आराखडा हिवाळ्यात ठरतो, तेव्हा प्रस्ताव तांत्रिक मान्यतेसह दिवाळीपर्यंत तयार ठेवा. फेब्रुवारीत निधी आला आणि मार्चअखेर खर्ची टाकायचा म्हटलं की चुना मुरवायला वेळ उरत नाही आणि पुन्हा सिमेंटच येतं. कामाचे टप्पे पावसाळा सोडून आखा आणि ते प्रस्तावातच लिहा.

शेवटची बाब सहसा कुणी लिहीत नाही: दरवर्षीची देखभाल. ती पालिकेच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात छोट्या लेखाशीर्षाखाली धरा. दरवर्षी पाऊस ओसरला की दरजांमध्ये पिंपळाची आणि वडाची बोटभर रोपं दिसतात. ती वरून छाटली तर मूळ आत जाड होत जातं आणि काही वर्षांत दगड सरकवतं, म्हणून ती कोवळी असतानाच मुळासकट काढायची आणि दरज चुन्याने भरायची. एक जाणता गवंडी, दोन मजूर आणि शिडी एवढ्यावर हे काम होतं. निधी देणाऱ्यालाही प्रस्तावात ही ओळ दिसली पाहिजे.