आर्सेनिकवर गंजका उपाय, लाइट नसली तरी चालणारा

आमचे वॉचमन काका उत्तर प्रदेशातल्या बलियाचे. त्यांच्या गावी हापशाच्या पाण्यात आर्सेनिक नावाचं विष, घरात मशीन आहे आरओचं पण लाइटचा पत्ता नाही, म्हणून त्यावर आता डबे ठेवतात. आपल्याला मुंबईत तानसा-वैतरणाचं पाणी, त्यामुळे ही भानगडच माहीत नसते. मग ठरवलं, सुट्टीला जाताना त्यांना गंजणारे खिळे आणि वाळूचा कांचन फिल्टर शिकवून पाठवायचा, नेपाळच्या तराईत वापरतात तो.

आधी एक गैरसमज काढा. उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. रंग नाही, वास नाही, चव नाही, म्हणून टेस्ट किट लागतंच. बाटलीत पावडरी टाकल्या की गॅस निघतो आणि वरची कागदाची पट्टी पिवळी ते तपकिरी होते, रंग चार्टशी जुळवायचा. तो गॅस विषारी, त्यामुळे हे अंगणातच करा. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम.

आता खिळे. साधे लोखंडी, इंचाच्या आतले, 5 किलो. नागदेवी स्ट्रीटला दुकानदार म्हणाला, "ताई, गॅल्वनाइज्ड न्या, गंजणार नाहीत." म्हटलं दादा, मला गंजणारेच हवेत! तो बघतच राहिला. पण सगळी जादू गंजातच आहे, आर्सेनिक त्याला चिकटतो आणि गंजाचे कण खालच्या वाळूत अडकतात.

झाकणवाल्या ड्रममध्ये तळाला खडी, मग जाडी वाळू, वर बारीक वाळूचा जाड थर. वाळू धुवायचा कंटाळा करू नका, आम्ही गच्चीत सात-आठ पाणी बदलली तेव्हा कुठे गढूळपणा गेला (आईची बडबड वेगळी). तळातून पाइप काढून बाहेरून वर न्या, तोंड वाळूच्या 5 सेंटिमीटर वर ठेवा म्हणजे वाळू कधी सुकणार नाही. वर भोकं पाडलेलं टब, त्यात खिळे पसरा आणि त्यावर विटांचे तुकडे, नाहीतर पाणी ओतलं की खिळे एका कोपऱ्यात जमा होतात आणि पाणी मधूनच निसटतं. ताशी साधारण 15 लिटर मिळतं, घराला पुरतं.

आणि हो, हा फिल्टर सगळीकडे सारखा चालत नाही. पाण्यात फॉस्फेट जास्त असलं की लोकलमध्ये रुमाल टाकून सीट अडवावी तशी ते गंजावरची जागा अडवतं, कंबोडियात हेच झालं. म्हणून गाळलेलं पाणीही किटने तपासा, एकदाच नाही, दर काही महिन्यांनी. पट्टी पिवळी पडली तर ते पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकालाही नाही. भांडी-कपड्यांना चालेल.

धार बारीक झाली की वाळूचा वरचा थर हलक्या हाताने ढवळून गढूळ पाणी काढून टाका. त्यात आर्सेनिक असतो, ते भाजीच्या वाफ्यात नाही की तळ्यात नाही, विहिरीपासून लांब खड्डा खणून शेणात मिसळून टाकायचं. खिळे साधारण तीन वर्षांनी बदला, आणि जुने भंगारवाल्याला देऊ नका.