सोयाबीनचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी

आमची शेती इंदूरजवळ, सांवेरकडे. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी सांभाळते. तिथे सगळं हिंदी-माळवीत चालतं. पावसाळ्यात कुणीतरी पिवळ्या पानाचा फोटो टाकतं, "क्या छिड़कूँ?" विचारतं, आणि लगेच औषधांची नावं सुरू होतात. असं घाईनं फवारलेलं औषध म्हणजे पैसा मातीत, म्हणून फोटो काढण्यापासूनच नीट करा.

एक फोटो पुरत नाही. आधी बांधावरून शेत दाखवा. फक्त पाणी साचलेला पट्टाच पिवळा असेल, तर आमच्या काळ्या जमिनीत आधी चर काढायचा, औषधाचं नंतर बघू. मग पूर्ण झाड, मग पान उलटं करून. पानावर पिवळे-हिरवे चट्टे आणि खाली पांढरी माशी दिसली तर पिवळ्या मोझॅक रोगाचा संशय घ्या. त्याचा विषाणू हीच माशी पसरवते, तेव्हा अशी झाडं सुरुवातीलाच उपटलेली बरी. शेवटी खोड उभं चिरून फोटो घ्या, हा बहुतेक जण विसरतात. आत लालसर बोगदा असेल तर खोडमाशी असू शकते. बाहेरून दोन गोल खाचा आणि वरचा भाग वाळलेला, तर चक्रीभुंगा.

फोटोखाली वाण, पेरणीची तारीख आणि आधी काय फवारलं ते लिहा. लिहायला जड जातं त्यांनी बोलून पाठवावं. आमच्याकडचे काका-दाजी तसंच करतात, आणि त्यांची माहिती बरेचदा जास्त पक्की असते.

औषधाचं प्रमाण मात्र फॉरवर्डवरून कधीही घेऊ नका. डब्यावरचं लेबल वाचा, किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करा. फोन फुकट आहे, सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो. खंडवा रोडवरची सोयाबीन संशोधन संस्था तर आपल्या इंदुरातच आहे. तिचा सल्ला आला की जसाच्या तसा, तारखेसकट पुढे पाठवा.

ग्रुपवर इंदूरच्या चोइथराम मंडीतला लसणाचा भाव सांगतानाही तारीख आणि प्रत हवीच. नुसता सगळ्यात वरचा भाव टाकला की लोक त्याच आशेवर ट्रॉली भरतात. त्या दिवशी बराचसा माल कितीला गेला, तो आकडा आधी सांगा.