गिटार अ‍ॅम्प मॉडेलर: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

‘व्हिडिओत ऐकला तेव्हा आवाज भरदार होता, माझ्याकडे मात्र कर्कश येतोय.’ नवा मॉडेलर, म्हणजे खऱ्या गिटार अ‍ॅम्पचा आणि इफेक्टचा आवाज डिजिटल पद्धतीने काढणारं यंत्र, घेतलेल्या बहुतेकांच्या तोंडी हे वाक्य येतं. माझ्याही आलं होतं. मी दोष यंत्राला दिला, ते विकलं आणि त्याहून मोठं घेतलं. त्यातूनही तोच आवाज आला. मग कळलं, दोन्ही वेळा मी मॉडेलरचं आउटपुट चुकीच्या ठिकाणी जोडत होतो.

मॉडेलर निवडताना आपण आत किती अ‍ॅम्प आहेत, किती इफेक्ट आहेत हे मोजत बसतो. तो आवाज शेवटी कशातून कानावर पडणार, हेडफोन, मॉनिटर स्पीकर की आधीचाच गिटार अ‍ॅम्प, हे क्वचितच कोणी आधी ठरवतं. माझ्या मते खरेदीचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, कारण बाकीच्या निम्म्या अडचणी त्यातूनच निघतात.

कॅबचा घोळ

गिटार अ‍ॅम्पमधला १२ इंची स्पीकर साध्या स्पीकरसारखा नसतो. साधारण ५ ते ६ हजार हर्ट्झच्या वरचं तो फारसं ऐकवतच नाही. डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे आवाज मुद्दाम फोडल्यामुळे, वरच्या पट्टीत जो कचरा तयार होतो, तो हा स्पीकर गाळून टाकतो. आपल्याला ‘गिटारचा आवाज’ म्हणून जे ओळखीचं आहे, त्यात या गाळणीचा वाटा फार मोठा आहे. मॉडेलरमध्ये हे काम कॅब ब्लॉक किंवा आयआर करतो. कॅब म्हणजे कॅबिनेट, स्पीकरचं खोकं; ब्लॉक म्हणजे मॉडेलरमधल्या साखळीतला चालू-बंद करता येणारा एक भाग. आयआर म्हणजे एखाद्या कॅबिनेटचा आणि त्यापुढे ठेवलेल्या माइकचा प्रतिसाद टिपलेली छोटीशी ऑडिओ फाइल.

एकदा स्वतः करून बघा. हेडफोन लावा, भरपूर गेनवर (आवाज चांगलाच फुटेल इतक्या) एक पॉवर कॉर्ड वाजवा आणि तो घुमत असताना कॅब ब्लॉक बंद करा. बाटलीत माशी अडकल्यासारखी भुणभुण ऐकू येईल. ब्लॉक परत चालू केलात की त्याच कॉर्डला अंग येतं. हा फरक कानात बसला की पुढे गोंधळ होत नाही.

आता उलट चूक. कॅब चालूच ठेवून मॉडेलर गिटार अ‍ॅम्पला जोडला, तर आवाज दोनदा गाळला जातो आणि घोंगडीखालून आल्यासारखा दबलेला लागतो. त्यात अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटला जोडला असेल, तर मॉडेलरमधल्या प्रीअ‍ॅम्पवर (टोन घडवणारा पहिला टप्पा) खऱ्या अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्पही चढतो. अ‍ॅम्पला मागे ‘इफेक्ट्स रिटर्न’ (प्रीअ‍ॅम्प वगळून आत जाणारा इनपुट) असेल तर तिथे जोडा आणि कॅब बंद ठेवा. हेडफोन, मॉनिटर किंवा रेकॉर्डिंग असेल तर कॅब चालू. काही मॉडेलरमध्ये एका आउटपुटवर कॅब बंद आणि दुसऱ्यावर चालू ठेवता येतो, काहींमध्ये नाही. घरी अ‍ॅम्पवर वाजवायचं आणि त्याच वेळी रेकॉर्डही करायचं असेल, तर ही सोय आहे का ते घेण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा.

जोडणीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बजावून सांगतो: अ‍ॅम्पचं स्पीकर आउटपुट मॉडेलरच्या इनपुटला कधीही लावू नका. मॉडेलर तर जळू शकतोच, शिवाय ट्यूब अ‍ॅम्प असेल तर लोडशिवाय (स्पीकरचा भार नसताना) चालल्यामुळे त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो.

रात्री हळू आवाजात बनवलेला टोन

हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज हळू असला की आपल्या कानाला खालची आणि अगदी वरची पट्टी कमी ऐकू येते. घरी सराव करणाऱ्याला याचा फटका रोज बसतो. रात्री अगदी हळू वाजवताना टोन पातळ वाटतो, म्हणून आपण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड्ल कमी करतो. कानाला गोड लागतं. दुसऱ्या दिवशी तोच प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) मॉनिटरवर मोठ्याने लावला की खालची पट्टी घुमते, वरची टोचते, आणि ड्रम-बेस सुरू झाले की गिटार गायब होते. गिटार ऐकू येते ती मुख्यतः मिड्लमुळे, आणि तेच आपण कापून टाकलेलं असतं.

उपाय सोपा आहे, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो. रेकॉर्डिंगचा टोन ड्रम आणि बेसचा ट्रॅक चालू ठेवूनच लावा, एकट्या गिटारवर नाही. सरावाचा आणि रेकॉर्डिंगचा प्रीसेट वेगळा ठेवा. वरची खरखर त्रास देत असेल तर ट्रेबलशी झटापट करण्याआधी कॅब ब्लॉकमधला हाय कट (त्याच्या वरचं कापणारा) ७ ते ८ हजार हर्ट्झवर आणि लो कट (खालचं कापणारा) ८० ते १०० हर्ट्झवर लावून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

फॅक्टरी प्रीसेट ऐकून यंत्राबद्दल मत बनवणं हीसुद्धा याच जातीची चूक. ते एकट्याने वाजवणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदात भारावून टाकण्यासाठी बनवलेले असतात: रिव्हर्ब भरपूर, डिले भरपूर, गेन त्याहून भरपूर. आधी रिव्हर्ब आणि डिले बंद करा, गेन निम्म्यावर आणा, मग ऐका. आणि रेकॉर्डिंगला गेन नेहमीपेक्षा कमीच लागतो. जाड आवाज हवा असेल तर तोच भाग दोनदा वेगवेगळा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. एकच टेक कॉपी करून दोन्ही बाजूंना ठेवला तर रुंदी येत नाही, नुसता आवाज वाढतो.

‘वाजवतो आत्ता, ऐकू येतं नंतर’

आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे अ‍ॅम्पपासून एक मीटरवर बसलात तरी ३ मिलिसेकंदांचा उशीर असतोच आणि तो कुणाला जाणवत नाही. मॉडेलरच्या आतला उशीरही साधारण असाच, मोजक्या मिलिसेकंदांचा असतो. खरी अडचण येते ती गिटार संगणकातून फिरवून परत ऐकताना. संगणक आवाजाचे नमुने (सॅम्पल) साठवून गटाने पुढे पाठवतो, त्या गटाला बफर म्हणतात. सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या सॅम्पल रेटला १२८ चा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे जवळपास ११. हा उशीर जाताना एकदा आणि येताना एकदा, शिवाय ड्रायव्हरचा वेगळा. एकूण उशीर २० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की बोटं आणि कान यांचं जमेनासं होतं.

म्हणून रेकॉर्ड करताना गिटार थेट मॉडेलरमधून ऐका आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा. दोन्ही चालू राहिलं तर आवाज पोकळ, पाइपमधून आल्यासारखा होतो. हा पोकळपणा ऐकून कितीतरी जण ईक्यू (पट्ट्या कमी-जास्त करणारी बटणं) फिरवत बसतात, पण दोष ईक्यूचा नसतो.

ब्लूटूथबद्दल मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण खोक्यावर तो शब्द वाचून फसगत होते. बहुतेक मॉडेलरमधलं ब्लूटूथ फोनवरचा बॅकिंग ट्रॅक ऐकण्यासाठी असतं. साधे ब्लूटूथ हेडफोन लावून गिटार वाजवायला गेलात तर उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या वर जातो आणि वाजवणं अशक्य होतं. हेडफोन वायरचाच घ्या. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन छोट्या मॉडेलरच्या हेडफोन जॅकवर हळू वाजतो, ३२ ओहमच्या आसपासचा सहसा व्यवस्थित चालतो.

खोकं हवंच का?

संगणक आणि ऑडिओ इंटरफेस आधीपासून असेल तर न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारखं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर वापरून रेकॉर्डिंग उत्तम होतं. गिटार मात्र इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुटलाच लावा, ज्याचा इम्पिडन्स (विद्युत अडथळा) साधारण १ मेगाओहम असतो. लाइन इनपुटला लावली तर पिकअपवर भार पडून वरची पट्टी मरते आणि गिटार निर्जीव वाटते. सरावासाठी मात्र माझं मत वेगळं आहे. संगणक लावा, ड्रायव्हर तपासा, प्रोजेक्ट उघडा, एवढं सगळं करायचं असेल तर दहा मिनिटांचा सराव रोज टळतो. स्विच दाबला की वाजणारं, गेन आणि व्हॉल्यूमला खरी बटणं असलेलं छोटं यंत्र हातात गिटार जास्त वेळा देतं.

कॅप्चर करणारं यंत्र घ्यावं की नेहमीचं मॉडेलिंगचं? केम्पर कंपनीच्या प्रोफाइलर या यंत्रापासून रूढ झालेली कॅप्चरची पद्धत म्हणजे एका ठरावीक सेटिंगवरच्या अ‍ॅम्पचा फोटो. त्या सेटिंगजवळ तो फार खरा वाटतो, पण बटणं खूप फिरवली की मूळ अ‍ॅम्पपासून दूर जातो. बटणं फिरवत टोन शोधायची सवय असेल तर मॉडेलिंग बरं. एकच टोन पक्का हवा असेल तर कॅप्चर.

रेकॉर्डिंगमधल्या खोड्या

घेण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: यूएसबीवरून कोरा, इफेक्ट नसलेला सिग्नल वेगळ्या चॅनेलवर मिळतो का? मिळत असेल तर तो नेहमी सोबत रेकॉर्ड करा. आज आवडलेला टोन पुढच्या आठवड्यात नकोसा झाला, तरी वाजवलेलं तसंच ठेवून अ‍ॅम्प बदलता येतो. काही यंत्रं फक्त तयार स्टिरिओ आवाज देतात.

जोरात पिक मारल्यावर कडकड होत असेल आणि गेन कमी करूनही जात नसेल, तर सगळे ब्लॉक बंद करून वाजवा. तरीही कडकड आली तर ओव्हरलोड इनपुटला आहे, तिथली पातळी कमी करा. रेकॉर्डिंगमध्ये शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली तरी २४ बिटला काही बिघडत नाही. रेकॉर्ड केलेलं गाणं अचानक दीड सेमीटोन वर किंवा खाली वाजायला लागलं तर गिटार ट्यून करू नका. ४४.१ हजार आणि ४८ हजार या सॅम्पल रेटची गल्लत झाली आहे.

गुणगुण येत असेल तर गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारा ब्लॉक) लावण्याआधी कारण शोधा. गिटार घेऊन खुर्चीत हळूहळू वळा. दिशा बदलल्यावर गुणगुण कमी-जास्त झाली तर ती पिकअपमधून येतेय. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबली तर यूएसबीतून तयार झालेला ग्राउंड लूप आहे. बारीक शिट्टीसारखा आवाज असेल तर अ‍ॅडॉप्टर बघा. साध्या पेडलना पुरणारी सामायिक वायर मॉडेलरला पुरत नाही, त्याला बरेचदा ५०० मिलिअ‍ॅम्पिअर किंवा जास्त लागतात आणि पोलॅरिटीही जुळावी लागते.

यंत्र बघायला जाताना आपली गिटार आणि आपला हेडफोन सोबत न्या. रिकाम्या प्रीसेटवर एक अ‍ॅम्प आणि एक कॅब ठेवा, बाकी काही नको. गेन आवाज नुकता फुटायला लागेल एवढाच. मग गिटारचं व्हॉल्यूम बटण दहावरून चारवर आणा आणि बोटांनी हळू छेडून आवाज साफ होतो का ते ऐका.