गुलाबाचे खुंट डोळा भरायला असे तयार करा

नाशिकला द्राक्षवाले डॉगरिज या द्राक्षाच्या जातीचा खुंट (म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते मुळांचं झाड) आधी नीट वाढवतात मगच कलम करतात, गुलाबाला मात्र तेवढा धीर कोणी धरत नाही आणि मग खुंटाच्या सालीत बसवलेला चांगल्या गुलाबाचा डोळा मेला म्हणून ओरडतात. खरं काम खुंटावरच असतं बरं का.

पावसाळ्यात मल्टिफ्लोराच्या (खुंटासाठी लावतात तो जंगली गुलाब) पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या घ्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मातीत जाणाऱ्या भागावरचे डोळे धारदार चाकूने कोरून टाका, फक्त वरचे दोन-तीन ठेवा. हे केलं नाही तर पुढे खालून खुंटाचेच फुटवे येत राहतात आणि चांगली व्हरायटी दबून जाते. आपल्याकडची काळी माती पाणी धरते, मुळ्या कुजतात, म्हणून पिशवीत लाल माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत घाला.

ऐन थंडीत घाई नको, गारठ्यात रस हळू चालतो. फेब्रुवारीत ऊब आली की डोळा भरायच्या दोन-तीन दिवस आधी भरपूर पाणी द्या, मातीलगतचे काटे आणि बाजूच्या फांद्या काढा, ओल्या फडक्याने खोड पुसून घ्या (धूळ चिरेत गेली की सडतंच). मग एक छोटी चीर देऊन बघा. साल अलगद सुटून आत ओलसर, चकचकीत दिसलं तर खुंट तयार. साल चिकटून फाटत असेल तर जबरदस्ती करू नका, पाणी देऊन आठवडाभर थांबा.